सोलापुरातल्या जुन्या घरात बाथरूम नव्यानं करताना: खर्च किती, दिवस किती

पाच बाय सात फुटांचं, कमोड आत असलेलं बाथरूम मुळापासून नव्यानं करायला सोलापुरात आज मध्यम दर्जाच्या मालासह साधारण सव्वा लाख ते एक लाख पासष्ट हजार रुपये लागतात. यात गीझर धरलेला नाही. या रकमेवर १५ ते २० टक्के राखीव ठेवावे लागतात, आणि जुन्या घरात ते बहुतेक वेळा खर्च होतातच. दिवस लागतात महिना ते सव्वा महिना. त्यातले गवंडी, प्लंबर, फरशीवाला प्रत्यक्ष हात चालवतात ते सोळा ते अठरा दिवस. उरलेले दिवस प्लास्टर पाणी पितं, वॉटरप्रूफिंगचा थर सुकतो, तुंबवलेल्या पाण्याची पातळी तपासली जाते. कामगार दिसत नाहीत म्हणून घरचे याच दिवसांत घाई करतात, आणि पुढे भिंतीला ओल येते ती याच घाईतून.

हे सगळे दिवस पाण्यावर चालतात, आणि सोलापुरात अनेक भागांत नळाला रोज पाणी नसतं, खंडानं येतं. त्यामुळे वेळापत्रक मांडताना कामगारांच्या सवडीइतकाच पाण्याच्या पाळीचा विचार करावा लागतो. खालचं सगळं नियोजन ते धरूनच केलं आहे.

आधी भिंत ओळखा

फरशी निवडायला जाण्याआधी एका कोपऱ्यातला हातभर गिलावा काढून आत काय आहे ते पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचा निम्मा खर्च यावर ठरतो.

पेठांमधल्या आणि कसब्यातल्या जुन्या घरांत दीड-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा आणि डोक्यावर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत, असतं. अशा भिंतीत पाइपासाठी यंत्रानं झिरी मारली की दगड सुटतो आणि मागची माती भुरभुर खाली येते. चुन्याच्या किंवा लोणा धरलेल्या गिलाव्यावर टाइल ॲडहेसिव्ह टिकत नाही. वर्ष-दोन वर्षांत फरशी पोकळ वाजायला लागते. इथे सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे ओल्या बाजूला आतून साडेचार इंची विटांची किंवा ३ इंची हलक्या ब्लॉकची वेगळी भिंत उभी करायची आणि पाइप तिच्यात घ्यायचे. सात बाय सात फुटांच्या एका भिंतीला सव्वादोनशे ते अडीचशे विटा लागतात. जागा कमी होते हे खरं, म्हणून चारही बाजूंना ती उभारू नका. शॉवर, नळ आणि कमोड ज्या बाजूला आहेत तिथेच करा. बाकीच्या भिंतींचा गिलावा पूर्ण काढून, दगडांमधले सांधे इंचभर कोरून, सिमेंट मॉर्टरनं भरून, कोंबडी जाळी ठोकून मगच प्लास्टर करा.

माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर, लाकडी तुळयांच्या जमिनीवर बाथरूम काढायचा विचार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तुळया पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन इंच कोबा, फरशी आणि भरलेली बादली यांचं वजन त्या तुळयांनी गृहीत धरलेलं नसतं. त्यातच एकदा ओल लागली की भिंतीत गेलेलं तुळईचं टोक सगळ्यात आधी कुजतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

नऊ इंची विटांची भिंत आणि वर स्लॅब असलेली घरं सोपी. तिथेही झिरीला मर्यादा आहे: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, आडवी एक षष्ठांशापर्यंत. म्हणजे नऊ इंची भिंतीत उभी तीन इंच, आडवी दीड इंच. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी मारूच नका, पाइप खालून जमिनीतून फिरवून वर आणा.

जुन्या अपार्टमेंटमध्ये बाथरूमचा स्लॅब आठ ते बारा इंच खाली असतो आणि त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. खालच्या घरात गळत असेल तर हे भरण पूर्ण काढावंच लागतं. वरच्या फरशीवर केमिकल मारून ही गळती थांबत नाही, कारण पाणी भरणात मुरलेलं असतं आणि पाइपाचा सांधा त्या भरणाखाली असतो. भरण काढल्यावर स्लॅबची सळई उघडी दिसली तर तारेच्या ब्रशनं गंज काढून, गंजरोधक थर देऊन, पॉलिमर मॉर्टरनं भरायचं. सळई खाऊन बारीक झाली असेल तर काम थांबवून इंजिनिअर बोलवा.

कोणता महिना धरायचा

दिवाळीनंतर सुरू करून डिसेंबरअखेर संपवता आलं तर उत्तम. हवा थंड असते, प्लास्टर सावकाश सुकतं. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा येते. त्या आठवड्यात कामगार हमखास सुट्टीवर जातात, तेव्हा त्या तारखांना फरशीचं काम ठेवू नका. चुकवता येत नसेल तर प्लास्टर आदल्या दिवशी संपवा आणि यात्रेचे दिवस पाणी मारण्यात घालवा. पाणी घरचं कुणीही मारू शकतं.

याच काळात ऊसतोड चालू असते. जिल्ह्यातले ट्रॅक्टर-ट्रॉली कारखान्यांकडे लागलेले असतात, त्यामुळे राडारोडा उचलायला ट्रॉली मिळायला वेळ लागतो. आठ दिवस आधी सांगून ठेवा.

एप्रिल-मे टाळा. पारा चाळिशीच्या वर गेला की बादलीत कालवलेलं ॲडहेसिव्ह लवकर ताठरतं, भिंतीवर पसरलेल्या थरावर पापुद्रा येतो आणि त्यावर बसवलेली फरशी वरवर चिकटते. पाण्याची ओढाताणही तेव्हाच असते. उन्हाळ्यातच करावं लागलं तर फरशीचं काम सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारनंतर ठेवा, भिंत आधी ओली करून पृष्ठभाग कोरडा दिसल्यावर ॲडहेसिव्ह लावा, आणि एका वेळी तीन-चार फरशांपुरताच माल पसरा.

हातोडा पडायच्या आधी काय घरात हवं

कमोड, डायव्हर्टर (गरम-थंड पाणी मिसळून शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारी भिंतीतली फिटिंग) आणि फरशी या तीन गोष्टी निवडून, विकत घेऊन घरात आल्याशिवाय फोडाफोड सुरू करू नका. डायव्हर्टरचं अंग भिंतीत आधी बसतं, आणि त्यावरच्या प्लास्टिकच्या आवरणावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. तयार फरशीचा चेहरा त्या दोन खुणांमध्ये यायला हवा. अंग खोल गेलं तर मूठ बसत नाही, बाहेर राहिलं तर वरची पट्टी भिंतीला टेकत नाही.

कमोडचंही तसंच. एस-ट्रॅप कमोडचं भोक जमिनीत असतं आणि भिंतीपासून त्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मॉडेलप्रमाणे ४, ९ किंवा १२ इंच असतं. हे माप तयार फरशीपासून मोजायचं. प्लंबर ते विटेच्या भिंतीपासून मोजून बसवतो, मग प्लास्टर आणि फरशी मिळून सव्वा इंच पुढे येते आणि कमोडची टाकी भिंतीत घुसायला बघते. पी-ट्रॅपचं तोंड भिंतीतून, साधारण सात इंच उंचीवर निघतं. भिंतीवर टांगलेला कमोड दगड-मातीच्या भिंतीला लावायचा असेल तर त्याची लोखंडी चौकट जमिनीत पक्की करावी लागते. नुसत्या भिंतीच्या जोरावर तो टांगू नये.

सोलापूरच्या पाण्याबद्दल दोन गोष्टी खरेदीच्या वेळी लक्षात असू द्या. बोअरचं पाणी जड असतं, त्यामुळे काळ्या आणि गडद चकचकीत फरशांवर पांढरे डाग लगेच दिसतात. फिकट राखाडी किंवा बिस्किटी रंग सोयीचा. शॉवर घेताना बोटानं चोळून क्षार काढता येईल अशी रबरी छिद्रांची जाळी असलेला घ्या. दुसरी गोष्ट दाबाची. टाकीचं पाणी शॉवरपेक्षा एक मीटर उंच असेल तर दाब मिळतो ०.१ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). एकमजली घरात छतावर टाकी ठेवून मिळतो तो ०.२ ते ०.३ किलो. मोठ्या रेन शॉवरला अर्धा ते एक किलो लागतो. म्हणजे प्रेशर पंपाशिवाय तो शॉवर नुसता ठिबकणार. पंप बसवायचा नसेल तर लहान शॉवर किंवा हँड शॉवर घ्या. फ्लशसाठीही दाबावर चालणारा व्हॉल्व्ह नको. ३ आणि ६ लिटरची दोन बटणं असलेली टाकी घ्या. पाणी खंडानं येणाऱ्या घरात रोजचा फरक मोठा पडतो.

घरात बोअर आणि नळ दोन्ही असतील तर फ्लशला आणि जेट स्प्रेला बोअरची वेगळी लाइन आत्ताच टाका. आता वीस-पंचवीस फूट पाइप आणि थोडी मजुरी लागेल, नंतर फरशी फोडावी लागेल.

फरशी किती घ्यायची ते असं काढा. जमीन ३५ चौरस फूट. भिंतींची एकूण लांबी २४ फूट, सात फुटांपर्यंत फरशी म्हणजे १६८. त्यातून दार आणि खिडकीचे वीसेक वजा केले की १४८. एकूण १८३, तुटफूट आणि कापाकापी दहा टक्के धरून २०० चौरस फूट. जमिनीसाठी मॅट, न घसरणारी एक फूट बाय एक फूट घ्या. लहान फरशीला ढाळ नीट देता येतो. दोन बाय चार फुटांची फरशी जुन्या भिंतीवर बसवायचा मोह टाळा. जुन्या भिंती ओळंब्यात नसतात, आणि त्या सरळ करायला काही ठिकाणी प्लास्टर दीड इंचावर जातं.

दिवसाप्रमाणे काम

पहिले तीन दिवस फोडाफोड आणि राडारोडा. पाणी आणि वीज बंद करून सुरुवात वरून खाली करायची. ड्रेनेजच्या तोंडात गोणपाट कोंबून त्यावर घमेलं पालथं घालायचं. एक विटेचा तुकडा आत गेला तर चेंबरपर्यंत खणावं लागतं. वर सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो अखंड उतरवा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडा फोडू नका, पाणी मारून ओला ठेवा. जुनी शहाबादी फरशी जपून उचला. ती गच्चीवर, परसात, धुण्याच्या मोरीला पुन्हा छान वापरता येते, आणि इतकी जाड फरशी आता सहज मिळत नाही.

राडारोडा किती निघतो? भिंतींचा पावणेदोन इंच आणि जमिनीचा चार इंच थर काढला तर साधारण ३५ घनफूट, फोडल्यावर फुगून ५० घनफुटांच्या आसपास, म्हणजे अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरला तर साठ-सत्तर पोती. जिथे ट्रॉली दारात येते तिथे हे सोपं आहे. पेठेच्या बोळात ट्रॉली शिरत नाही. तिथे पोती खांद्यावरून बोळाच्या तोंडापर्यंत न्यावी लागतात आणि त्याचे दोन बिगाऱ्यांचे एका दिवसाचे पैसे वेगळे धरा. राडारोडा नाल्यात किंवा मोकळ्या जागेत टाकू देऊ नका. कुठे नेणार ते ट्रॉलीवाल्याशी आधीच ठरवा.

चौथा-पाचवा दिवस ड्रेनेजचा. चिनी मातीचा किंवा सिमेंटचा जुना पाइप दिसला तर चेंबरपर्यंत पूर्ण बदला. अर्धा जुना, अर्धा नवा असा सांधा पुढे गळतोच. कमोडला ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठीचा प्लास्टिकचा) पाइप, ढाळ चाळीस फुटांना एक फूट, म्हणजे फुटाला अडीच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दहा फुटांवर चेंबर असेल तर तीन इंच उतार. चेंबरचा तळ आधी मोजा. तो पुरेसा खोल नसेल तर बाथरूमची जमीन वर घ्यावी लागेल, आणि हे फोडाफोडीआधीच कळलेलं बरं. न्हाणीच्या पाण्याला ७५ मिलिमीटरचा पाइप, वेगळा ट्रॅप. ट्रॅपसाठी तयार फरशीखाली आठ-नऊ इंच खोली लागते. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभं राहायला हवं; तेच वास आणि झुरळं अडवतं. कमोडच्या लाइनला वर जाणारा हवेचा पाइप नसेल तर फ्लशच्या ओढीनं ते पाणी शोषलं जातं आणि बाथरूमला वास येतो. असा वास फिनेलनं जात नाही.

सहावा-सातवा दिवस पाण्याच्या पाइपांचा. जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप तुकड्यानं बदलू नका. आत गंज आणि क्षारांनी भोक करंगळीएवढं उरलेलं असतं, त्यामुळे टाकीपासूनची उतरती लाइनही बदला. मुख्य लाइन पाऊण इंची, नळापर्यंतचे फाटे अर्धा इंची, सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप), जाडीचा वर्ग एसडीआर ११. उंची तयार फरशीपासून मोजा: शॉवर साडेसहा ते सात फूट, डायव्हर्टर साडेतीन फूट, बेसिनचे अँगल कॉक २१-२२ इंच. बादलीच्या नळाचं टोक बादलीच्या काठाहून सहा इंच वर यायला हवं. गरम डावीकडे, थंड उजवीकडे. प्रत्येक नळाच्या जागी पितळी आट्यांची फिटिंग घ्या. प्लास्टिकचे आटे नळ आवळताना भिंतीतच चिरतात.

मग टेस्ट. सगळी तोंडं प्लगनं बंद करून हातपंपानं ७ ते १० किलो दाब भरायचा. शेवटचा सांधा चिकटवल्यावर रात्रभर थांबून सकाळी दाब भरा, आणि तो दिवसभर तसाच ठेवून काटा पाहा. काटा उतरला तर सांधा शोधायचा. ही टेस्ट तुमच्या डोळ्यांसमोर झाल्याशिवाय झिरी बुजवू देऊ नका. त्याच वेळी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, फोटोत मोजपट्टी दिसू द्या. उद्या आरसा किंवा टॉवेलची दांडी बसवताना ड्रिल पाइपात जाणार नाही.

वीजही याच दोन दिवसांत. गीझरला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, ४ चौरस मिलिमीटरची तार, वेगळा एमसीबी, आणि सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). जुन्या घरांत एक धोका हमखास असतो: अर्थिंगची तार जीआयच्या पाण्याच्या पाइपाला बांधलेली असते. तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकला की घराचं अर्थिंग गेलं, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. प्लंबर पाइप बदलतो, इलेक्ट्रिशियन नंतर येतो, गीझर चालू होतो. म्हणून जीआय काढायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा आणि गरज असेल तर नवा खड्डा घ्या.

आठव्या दिवशी टेस्ट पास झाली की नववा-दहावा दिवस प्लास्टर आणि जमिनीच्या कोब्याचा. प्रमाण एकास चार. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड थर नको. जास्त लागत असेल तर दोन थर, पहिला थर ओरखडून. कोब्यातच ढाळ द्यायचा, फुटाला दीड ते दोन सूत. फरशी बसवताना ढाळ काढू म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्यानं फरशीखालचा माल एका बाजूला जाड होतो, वॉटरप्रूफिंगचा थर सपाट राहतो आणि पाणी फरशीखाली साचतं. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे मॉर्टर भरून कोपरा गोल करून घ्या.

पुढचे सात दिवस फक्त पाणी मारायचं, दिवसातून तीन वेळा. यासाठी २०० लिटरचे दोन ड्रम वेगळे भरून ठेवा, म्हणजे पाण्याची पाळी पुढे ढकलली गेली तरी काम अडत नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत दोन दिवस पाणी चुकलं की प्लास्टरला केसासारख्या भेगा पडतात. हे सात दिवस कापून तीन करणारा कंत्राटदार मजुरी वाचवत नाही, पुढच्या साइटवर जायची त्याला घाई असते.

अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी वॉटरप्रूफिंग. दोन घटकांचं सिमेंट-पॉलिमर मिश्रण, दोन हात. पहिला उभा, चार ते सहा तासांनी दुसरा आडवा. जमिनीवर पूर्ण, भिंतींवर एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. पाइप जिथे जमिनीतून वर येतात आणि ट्रॅपचं तोंड, या जागी फायबरची जाळी थरात दाबून घ्या. गळती सपाट जागेतून क्वचित होते. ती या गोल कडांमधून होते. तीन दिवस सुकू द्या.

त्यानंतर ट्रॅपला डाट मारून, दाराशी मॉर्टरचा छोटा बांध घालून दोन इंच पाणी ४८ तास उभं करायचं. पस्तीस चौरस फुटांना १६५ लिटर पाणी लागतं, म्हणून ही तारीख पाणी येण्याच्या दिवसाला लागून ठेवा. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलनं खूण करा. हवेत थोडं उडतं, ते कळण्यासाठी शेजारी एका घमेल्यात पाणी ठेवा. घमेल्यापेक्षा जमिनीचं जास्त उतरलं तर गळती आहे. खालच्या घरात जाऊन छतही पाहा. पाणी नंतर फेकू नका, फरशीच्या कामाला वापरा.

पंचविसाव्या दिवसापासून तीन दिवस भिंतीची फरशी, एक दिवस जमिनीची. भिंतीची दुसरी ओळ आधी, लाकडी पट्टीच्या आधारानं. जमीन झाल्यावर खालची ओळ ढाळाप्रमाणे कापून. ॲडहेसिव्ह दातेरी पत्र्यानं सगळीकडे पसरायचं. चार कोपऱ्यांत चार गोळे लावून फरशी ठोकली तर मधली पोकळी नंतर ड्रिल मारताना फुटते. २० किलोचं पोतं तीन मिलिमीटर जाडीत साधारण पन्नास चौरस फूट जातं, त्यामुळे चार पोती घ्या. दोन फरशांमध्ये दोन मिलिमीटर स्पेसर. ग्राउट, म्हणजे फरशांमधल्या फटी भरायचा माल, २४ तासांनी. शॉवरच्या बाजूला आणि जमिनीला एपॉक्सी, बाकी सिमेंटचा चालतो.

शेवटचे दोन दिवस कमोड, नळ, दिवे, एक्झॉस्ट पंखा, दार. लाकडी चौकट जमिनीला टेकवू नका. ग्रॅनाइटची चौकट आणि डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) दार जास्त टिकतं. अंघोळ आणखी दोन-तीन दिवसांनी.

घरात संडास एकच असेल तर

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, खरं तर पहिला विचारायला हवा. पूर्ण काम एकदम केलं तर कमोड महिनाभर बंद राहतो. संडास आणि मोरी शेजारी-शेजारी पण वेगळी असतील तर आधी मोरी पूर्ण करा, मग संडास. गवंड्याच्या दोन फेऱ्या आणि वॉटरप्रूफिंगच्या दोन वेळा, त्यामुळे दहा-पंधरा हजार जास्त लागतात आणि दिवस दीडपट होतात, पण घर चालू राहतं. दोन्ही एकत्र असेल तर परसात किंवा गच्चीवर तात्पुरता भारतीय पद्धतीचा संडास चेंबरला जोडून, पत्र्याचा आडोसा करून घ्या. त्याचे आठ-दहा हजार आधीच अंदाजपत्रकात लिहा. घरात म्हातारं माणूस असेल तर शेजाऱ्यांकडे जायच्या भरवशावर राहू नका.

पैसे कुठे जातात

पाच बाय सातच्या बाथरूमचा हिशेब, खर्च रुपयांत:

फोडाफोड ५,००० ते ७,०००
राडारोडा २,५०० ते ५,०००
ड्रेनेज पाइप, ट्रॅप, चेंबर ७,००० ते ९,०००
सीपीव्हीसी पाइप आणि फिटिंग ८,००० ते ११,०००
प्लंबरची मजुरी, शेवटच्या फिटिंगसह १३,००० ते १६,०००
सिमेंट दहा पोती, अर्धा ब्रास क्रश सँड, विटा, जाळी ९,००० ते ११,०००
गवंडी आणि बिगारी १०,००० ते १३,०००
वॉटरप्रूफिंग ७,००० ते ९,०००
फरशी २०० चौरस फूट ९,००० ते १२,०००
ॲडहेसिव्ह, ग्राउट, स्पेसर ५,००० ते ६,०००
फरशी बसवण्याची मजुरी ८,००० ते ११,०००
कमोड आणि बेसिन ११,००० ते १५,०००
नळ, डायव्हर्टर, शॉवर १२,००० ते १६,०००
वीज, आरसीसीबी, अर्थिंग, पंखा ९,००० ते १२,०००
दार, चौकट, खिडकी ९,००० ते १२,०००

फरशी, कमोड आणि नळ या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचा वाटा यात जेमतेम पाव आहे. दुकानात उभं राहून फरशीत चौरस फुटामागे दहा रुपये वाचवले तर दोन हजार वाचतात. वॉटरप्रूफिंग पुन्हा करायची वेळ आली तर फोडाफोड, फरशी, मजुरी धरून चाळीस हजारांच्या घरात जातं. कात्री लावायचीच असेल तर बेसिनच्या कपाटाला, रंगीत नळाला, छतापर्यंतच्या फरशीला लावा. पाइप, वॉटरप्रूफिंग आणि आरसीसीबीला नको.

राखीव रक्कम तीन ठिकाणी जाते: चेंबरपासून रस्त्यापर्यंतचा फुटलेला पाइप, भिंतीमागची ओल आणि टाकीची लाइन. नळाच्या किंवा ड्रेनेजच्या महापालिकेच्या जोडणीला हात लावावा लागत असेल तर ते काम परवानाधारक प्लंबरकडून, परवानगी घेऊनच करा.

करार आणि पैसे देणं

उक्तं काम दिलं तर दिवस वाढले तरी तुमचा खर्च वाढत नाही, पण गवंडी पाणी मारायचे दिवस खातो. रोजंदारीवर उलट होतं. जुन्या घरात मधला मार्ग बरा: फोडाफोड आणि भिंतीची दुरुस्ती रोजंदारीवर, कारण आत काय निघेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग आणि फरशी उक्ती. फरशीची मजुरी बसलेल्या मापावर की विकत घेतलेल्या मापावर, कडा घासण्याचे पैसे वेगळे की आत, राडारोडा कोण उचलणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा.

पैसे कामाच्या टप्प्याला बांधा. सुरुवातीला २० टक्के, पाइपांची टेस्ट झाल्यावर ३०, पाणी तुंबवून तपासल्यावर २०, फरशी आणि ग्राउट झाल्यावर २०. उरलेले १० टक्के बाथरूम पंधरा दिवस वापरल्यावर द्या. या पंधरा दिवसांत रोज एकदा बाहेरच्या बाजूनं भिंतीला हात लावून पाहा, नाण्यानं फरशा वाजवून पोकळ आवाजाच्या जागी खडूनं खूण करा, आणि जमिनीवर बादलीभर पाणी ओतून ते दहा मिनिटांत ट्रॅपकडे जातं की कोपऱ्यात थांबतं ते बघा. उरलेल्या फरशीची एक पेटी माळ्यावर ठेवा आणि पेटीवरचा बॅच क्रमांक फाडू नका. तीच छटा पुढच्या वर्षी दुकानात मिळेलच असं नसतं.